ट्रक चालवायचा की कॉलेज करायचं? ठरवण्याआधी मांडायचा हिशोब

घरातले म्हणतात, "शिकला नाहीस तर ड्रायव्हर होशील." मुलगा म्हणतो, "चार वर्षं कॉलेजात घालवून शेवटी पंधरा हजारांवरच बसायचंय ना, मग आत्ताच गाडीवर जातो." दोघांच्याही हातात अर्धेच आकडे असतात. एकाला पगार दिसतो पण तास दिसत नाहीत. दुसऱ्याला पदवी दिसते, ती कुठल्या कॉलेजची आणि तिथून बाहेर पडलेल्यांचं काय झालं, हे दिसत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या दहावी-बारावीच्या टप्प्यावरच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. परवाना काढणं किंवा कॉलेजात नाव घालणं, यातलं काहीही कायमचं नसतं, दोन्हींतून मागे फिरता येतं. मागे फिरणं महागात पडतं ते दोन गोष्टींनंतर: दहावी-बारावी अर्धवट सोडणं आणि अनुभवाआधीच कर्जाची गाडी दारात उभी करणं. बाकी सगळा क्रम या दोन चुका टाळण्यासाठी आहे.

१. आधी वयाचं गणित करा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक वाहन चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात. शिवाय जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्याआधी हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे कारचा, परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. म्हणजे क्रम असा: १८ पूर्ण झाल्यावर कारचा परवाना, १९ व्या वर्षी थांबणं, २० पूर्ण झाल्यावर जड वाहनाचा अर्ज.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बारावी संपल्यावर स्टीअरिंग हातात येईपर्यंत साधारण दोन वर्षं कायदाच तुम्हाला थांबवतो. दहावीनंतर शाळा सोडली तर चार. ही वर्षं "क्लीनर म्हणून फिरतो" म्हणत वाया घालवायची की त्यांत एखादं प्रमाणपत्र पदरात पाडायचं, हा खरा पहिला निर्णय. ट्रक की कॉलेज हा त्यानंतरचा.

या काळात बसणारे अभ्यासक्रम:

- आयटीआयमधला डिझेल मेकॅनिक, एक वर्षाचा. ट्रकवर जाणार असाल तर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.
- आयटीआयमधला मोटार मेकॅनिक, दोन वर्षांचा.
- दहावीनंतर तीन वर्षांचा मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल डिप्लोमा.
- यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची पदवी, कामासोबत.

आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे "परवान्याला शिक्षण लागतच नाही" असं सगळे सांगतील. परवान्यापुरतं ते खरं आहे. पण एसटीच्या चालक भरतीत दहावी पास मागतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षक व्हायला दहावी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो. पेट्रोल, गॅस, रसायनांच्या टँकरवर जायचं तर एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, असा नियमच आहे. दहावीचं प्रमाणपत्र नसलेला चालक पहिल्या दोन दारांबाहेर राहतो, इंग्रजी न येणारा तिसऱ्या, आणि त्या दारांशी गाठ पडते ती पस्तिशीत, पुन्हा परीक्षेला बसण्याचा धीर राहिलेला नसतो तेव्हा.

२. डोळे आणि शरीर आधी तपासा, पैसे नंतर भरा

जड वाहनासाठी नमुना १अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हे विचारलेलं असतं. चष्मा लावून वाचता आली तरी चालते. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२० च्या बदलानंतर परवाना मिळू शकतो, तीव्र असेल तर नाही. अनेकांना आपल्याला हा दोष आहे हे ड्रायव्हिंग स्कूलची फी भरल्यावर कळतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधी जा. फिट येण्याचा इतिहास असेल तर या वाटेचा विचारच करू नका. पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरला स्पष्ट विचारा की रोज दहा तास हादरे चालतील का.

३. कमाई महिन्यावर नाही, तासावर मोजा

बहुतेक जण इथेच फसतात. ट्रकचालकाची कमाई साधारण तीन तुकड्यांत येते: ठरलेला पगार, रोजचा किंवा फेरीचा भत्ता, आणि काही मालकांकडे डिझेलच्या ॲव्हरेजवरचं बक्षीस. काही ठिकाणी पगारच नसतो. फेरीचा ठोक आकडा हातात देतात, खर्च जाऊन उरेल ते तुमचं.

पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. तुमच्या भागातले खरे आकडे तीन-चार चालकांना विचारून घाला.

समजा पगार १८,००० रुपये. महिन्यात २४ दिवस गाडीवर, रोजचा भत्ता ५००, म्हणजे १२,०००. एकूण ३०,०००. रस्त्यावरचं जेवण, चहा, अंघोळ मिळून रोज २५० धरले तर ६,००० गेले. हातात २४,०००. आता तास. चालवणं, माल भरायला-उतरवायला थांबणं, ताडपत्री-रस्सी, कागद, असं मिळून दिवसाला १३ तास सहज होतात. २४ दिवसांचे ३१२ तास. तासाला साधारण ७७ रुपये.

दुसरीकडे पदवीनंतरची साधी नोकरी: पगार १८,०००, महिन्याला २५ दिवस, रोज ९ तास आणि जाण्यायेण्याचा दीड तास, म्हणजे सुमारे २६२ तास. येण्याजाण्याचे आणि डब्याबाहेरच्या खाण्याचे ३,००० वजा केले की १५,०००. तासाला ५७. पण इथे भविष्य निर्वाह निधीत मालकाचा १२ टक्के हिस्सा जमा होतो. १५,००० मूळ वेतनावर तो १,८००. तो धरला तर तासाला ६४.

अजूनही ट्रक पुढे आहे. आता त्याच चालकाची गाडी महिन्यातले सहा दिवस कंपनीच्या गेटबाहेर रांगेत उभी राहिली आणि मालकाने उभ्या गाडीचा भत्ता दिला नाही, असं धरा. ३,००० गेले, खाण्याचा खर्च तेवढाच राहिला. हातात २१,०००, तासाला ६७. फरक जवळजवळ संपला. म्हणून पगार किती, यापेक्षा "गाडी उभी राहिली तर काय?" हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

आणखी एक तुलना हवी ती दहा वर्षांनंतरची. चालकाची कमाई वयाने फारशी वाढत नाही, गाडी बदलल्यावर वाढते. सहा चाकीवरून दहा-बारा चाकी, तिथून ट्रेलर, कंटेनर, टँकर, मग अवजड यंत्रं नेणारे लांब ट्रेलर. एकाच प्रकारच्या गाडीवर आठ वर्षं राहिलेल्या चालकाचा पगार महागाईइतकाही वाढला नाही तर नवल नाही. कार्यालयातली नोकरी सुरुवातीला कमी देते पण तिथे शिकलेलं पुढच्या नोकरीत मोजलं जातं. अर्थात काही शिकलात तर.

४. कॉलेजलाही तोच काटा लावा

ट्रकबद्दल कडक प्रश्न विचारणारे पालक कॉलेजच्या माहितीपत्रकावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतात. ते करू नका.

फलकावरच्या टॉपरशी स्वतःची तुलना करू नका. त्या कॉलेजातून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या, मधल्या गुणांच्या पाच मुलांना शोधा आणि आज काय करतात ते विचारा. प्लेसमेंटचा आकडा सांगितला तर तो एकूण विद्यार्थ्यांपैकी आहे की "पात्र" विद्यार्थ्यांपैकी, हे विचारा. अर्धा वर्ग बॅकलॉगमुळे अपात्र ठरवून उरलेल्यांतले ९० टक्के दाखवणं अवघड नसतं.

पदव्यांचे दोन गट पाडा. पहिल्या गटात पदवी किंवा पदविका हाच कामाचा परवाना असतो: नर्सिंग, फार्मसी, वकिली, सीए, वैद्यकीय. यातली कुठलीही वाट तुम्हाला जमण्यासारखी असेल, तर ट्रकच्या तुलनेत ती आधी घ्या. दोन वर्षांचा डी. फार्म किंवा नर्सिंगचा अभ्यासक्रम करून बाहेर पडलेल्याकडे पन्नाशीतही टिकणारी विद्या असते. सीएत प्रवेश सोपा आणि बाहेर पडणं कठीण आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, आता दोन वर्षांची झाली असली तरी परीक्षांत वर्षं जातात, तेव्हा किती प्रयत्न करायचे हे आधीच ठरवून घ्या.

दुसऱ्या गटात साधी बीए, बीकॉम, बीएस्सी आणि कशीबशी चाललेली अभियांत्रिकी कॉलेजं येतात. पुढची ठोस योजना नसताना केलेली अशी नियमित पदवी तीन-चार वर्षं आणि फी घेते आणि शेवटी तुम्हाला त्याच १८,००० च्या रांगेत उभं करते. स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतील तर पदवी लागतेच, पण ती मुक्त विद्यापीठाची चालते.

पैशांअभावी कॉलेज सोडत असाल तर थांबा आणि आधी महाडीबीटी हे राज्य शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल पाहा. आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती तिथेच मिळते. २०२४-२५ पासून, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा, तिथल्या शुल्क योजनांना पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत न काढल्यामुळे ही सवलत हुकते. निकालाआधीच तहसीलचं काम उरकून घ्या.

५. परवान्याआधी एक पूर्ण फेरी गाडीवर काढा

१८ पूर्ण झाल्यावर, ओळखीच्या चालकासोबत क्लीनर म्हणून किमान दहा-बारा दिवसांची फेरी करा. भिवंडीच्या गोदामातून माल भरून परराज्यात उतरवायचा आणि परतीचं भाडं मिळवून यायचं, अशी पूर्ण फेरी. जवळची एक रात्रीची फेरी पुरेशी नाही. ती सगळ्यांना आवडते.

शक्यतो पावसाळ्यात जा. वही ठेवा आणि रोज एवढंच लिहा:

- गाडी किती वाजता हलली, किती वाजता थांबली
- रांगेत किती तास गेले
- सलग किती तास झोप झाली
- शौचालय आणि अंघोळ कुठे मिळाली
- खिशातून किती गेले, भत्ता किती आला

परत आल्यावर सलग झोपेचा रकाना वाचा. तिथे चार-चार तास दिसत असतील आणि तरीही तुम्हाला पुन्हा जावंसं वाटत असेल, तर हे काम तुमच्यासाठी असू शकतं. गाडी चालवायला आवडते हे पुरेसं कारण नाही. या कामात थांबण्याचा आणि एकट्याने राहण्याचा भाग चालवण्याइतकाच मोठा आहे.

बघताना मधल्या तांत्रिक गोष्टीही टिपा. गाडी सुरू केल्यावर ब्रेकच्या हवेच्या दाबाचा बझर बंद होईपर्यंत चालक थांबतो का? मागच्या जोड टायरांतला आतला टायर ठोकून बघतो का? आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही, सगळा भार शेजारच्यावर येतो, घर्षणाने टायर तापतो आणि फुटतो किंवा पेटतो. बीएस-सहा (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, पातळी बघतो का? ते ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण असतं. त्यात नळाचं पाणी मिसळलं तर यंत्रणा बिघडते, आणि संपू दिलं तर इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. कसाऱ्याच्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा भेटला तर त्याच्याकडून ड्रायव्हिंग शिकू नका. आजच्या इंजिनात उताराला गिअरमध्ये असताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट ते लागतं. शिवाय इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. जुना नियम आजही खरा: ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

६. परवाना: क्रमाने, स्वतः

लागणारी कागदपत्रं:

- आधार आणि पत्त्याचा पुरावा
- वयाचा पुरावा: जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला
- एक वर्ष जुना कारचा परवाना
- नमुना १अ: डॉक्टरचं प्रमाणपत्र
- नमुना ५: मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र
- फोटो आणि सुरू असलेला मोबाइल नंबर

सगळ्या कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, ते आधी पाहा. आधारवर "बाळू" आणि दाखल्यावर "बाळासाहेब" असेल तर अर्ज अडकतो.

अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर करायचा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात शेजारी परवानाधारक शिकवणारा बसलेला असायलाच हवा. चाचणीत नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं, तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. पक्का परवाना पाच वर्षांचा, धोकादायक मालासाठी तीन वर्षांचा. त्या मालासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षणही करावं लागतं.

स्कूल निवडताना एकच गोष्ट बघा: प्रत्यक्ष जड गाडीवर किती तास देणार? बऱ्याच ठिकाणी जुन्या सहा चाकीवर मैदानात चार फेऱ्या मारून नमुना ५ हातात देतात. सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांचा जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा आहे, त्याच्याशी ताडून पाहा. रिव्हर्स, घाटातली चढावरची सुरुवात आणि रात्रीचं चालवणं शिकवत नसतील तर दुसरीकडे जा.

"टेस्ट न देता परराज्यातला हेवी काढून देतो" म्हणणारा एजंट भेटेलच. असा परवाना खोटा निघाला तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते किंवा दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करायला बघते. मालक मग तुमच्या मागे लागतो. विनापरवाना चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे, पण या प्रकरणात दंड ही सगळ्यात किरकोळ गोष्ट असते.

एक सोयीची वाट मात्र कायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की कारच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं व्यावसायिक वाहन चालवता येतं. म्हणजे २० पूर्ण झाल्यावर जड परवान्याचा खर्च करण्याआधी छोटा हत्ती किंवा पिकअपवर सहा महिने काम करून बघता येईल. भाडं, गिऱ्हाईक, पार्किंग, चलान, सगळं लहान प्रमाणात शिकता येतं, आणि रात्री बहुधा घरी येता.

७. पहिल्या मालकाला विचारायचे प्रश्न

नवशिक्याला ट्रेलर कोणी देत नाही, आणि कोणी लगेच दिला तर त्याचे जुने चालक का सोडून गेले ते शोधा. तोंडी ठरलेलं नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या:

- गाडी उभी राहिली तर भत्ता किती?
- माल कमी भरला किंवा भिजला तर कोण भरणार?
- हमाली, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे), पंक्चर कोणाच्या खिशातून?
- डिझेलचं ॲव्हरेज कमी आलं तर कापणार का? कोणत्या लोडवर, कोणत्या रस्त्यावर मोजणार?
- फेरीचा हिशोब किती दिवसांत पूर्ण करणार?
- भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे का? ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे.
- गाडीच्या पॉलिसीत चालक आणि क्लीनरचा विमा धरला आहे का?

तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत मागचा हिशोब अडकलेला असेल तर पैसे नव्हे, तुम्हीच अडकलेले आहात. उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही, आणि ती फिटणार नाही याची काळजी काही मालक नीट घेतात.

निघताना गाडीत हवेत: आरसी, विमा, फिटनेस, परमिट, कर भरल्याची पावती, पीयूसी, तुमचा परवाना, बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती) आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद). डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची कागदपत्रं चालतात, पण रेंज नसलेल्या नाक्यावर झेरॉक्स कामाला येते. ई-वे बिलाची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरतात. गाडी बिघडली आणि मुदत संपत आली तर संपण्याआधीचे किंवा नंतरचे आठ तास मुदतवाढीसाठी असतात. त्या वेळात ट्रान्सपोर्टरला फोन करणं हे तुमचं काम, अडवल्यावर हुज्जत घालणं नव्हे.

ओव्हरलोडला "नाही" म्हणायचं असेल तर ते माल भरतानाच म्हणा. दहा चाकीची मर्यादा गाडीसकट २८.५ टन. त्यावर गेलात तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. वजन करायला नकार दिला तर ४०,०००. दंड मालक भरेलही, पण लांबलेल्या ब्रेकची किंमत तुम्ही मोजता.

८. झोप, अपघात आणि कायदा

कायदा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगतो. रस्त्यावर ते क्वचित पाळलं जातं, हे जाणूनच या कामात या. पहाटे दोन ते पाच हा काळ शरीर झोपेसाठीच राखून ठेवतं. चहा, तंबाखू, खिडकी उघडी ठेवणं, गाणी, यांनी झोप उडाल्यासारखी वाटते, पण डुलकी लागतेच. ताशी ६० च्या वेगाने चार सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून ६७ मीटर. तेवढ्यात २५ टन काय करतात हे सांगायला नको. पाच वाजता पोचायचं ठरलं असेल तर ते सहा-सात होईल, असं रात्री दहालाच फोनवर सांगून टाका.

निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळून जाण्याबद्दल दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं १०६(२) जानेवारी २०२४ च्या चालकांच्या संपानंतर मागे ठेवलं गेलं आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते वगळून झाली. तरीही पळू नका. जमावाची भीती असेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात जा, पण ११२ ला फोन करून कळवून मगच.

वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्यातून सुरू करा, अपघाताला २ लाखांचं संरक्षण आहे. एवढ्यावर घर चालत नाही, पण तेही अनेकांकडे नसतं. वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. दर पाच वर्षांनी नमुना १अ पुन्हा भरायचा असतो, आणि चाळिशीनंतर तिथेच अनेकांची गाडी थांबते.

९. स्वतःची गाडी: तीन वर्षांआधी नाही

शैक्षणिक कर्जाचा हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर सुरू होतो. गाडीचा पुढच्या महिन्यापासून, भाडं मिळो न मिळो. म्हणून स्वतःची गाडी ही चालकाच्या कामाची बढती समजू नका. तो वेगळा धंदा आहे, आणि त्यात चालवणं हा सोपा भाग.

हिशोब किलोमीटरवर मांडा. समजा भरलेली दहा चाकी लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये. नुसत्या डिझेलचे किलोमीटरला साडेबावीस रुपये झाले. त्यावर टोल, टायर, डीईएफ, सर्व्हिस, विमा, कर, फिटनेस, हप्ता. आता परतीला गाडी रिकामी आली तर जातानाच्या भाड्यातून दोन्ही बाजूंचा खर्च काढायचा आहे. परतीचं भाडं कोणाकडून मिळेल, त्याची तीन नावं फोनमध्ये नसतील तर गाडी घेऊ नका. भाड्याचे पैसे ४५ ते ६० दिवसांनी मिळणार असतील, तर तेवढ्या दिवसांचं डिझेल आणि दोन हप्ते बाजूला असायला हवेत. जुनी गाडी घेताना आठ वर्षांचा टप्पा पाहा. तोवर फिटनेस दोन वर्षांनी करावी लागते, पुढे दरवर्षी.

१०. दोन्ही हातात ठेवायचं असेल तर

बहुतेकांनी हेच करावं, असं स्पष्ट मत आहे. १८ ते २० मध्ये डिझेल मेकॅनिक, २० ला परवाना, आणि गाडीवर असतानाच मुक्त विद्यापीठाची पदवी. डिप्लोमा केलेल्याला तर एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा देता येते, म्हणजे आरटीओच्या टेबलाच्या पलीकडे बसता येतं. ट्रान्सपोर्ट ऑफिसमधला फ्लीट सुपरवायझर, डिस्पॅच, विमा कंपन्यांचं सर्व्हेचं काम, इथे रस्ता माहीत असलेला आणि एक्सेलवर हिशोब लिहिता येणारा माणूस लवकर सापडत नाही.

परदेशातल्या ट्रकच्या नोकरीसाठी कोणी पैसे मागत असेल तर एजंट ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दोन-तीन लाख मागणारा तिथेच ओळखता येतो.

मुक्त विद्यापीठाचा अभ्यास गाडीवर करायचा तर पुस्तकं केबिनमध्ये ठेवून भागत नाही. रांगेतले तास त्यासाठी राखा. धड्यांच्या पीडीएफ घरून निघतानाच फोनमध्ये उतरवून घ्या, गेटबाहेर रेंज असेलच असं नाही. परीक्षेचं वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी मालकाला तारखा लिहून पाठवा आणि पेपरच्या आधीच्या आठवड्यात लांबची फेरी घेऊ नका. गाडी गुवाहाटीत खाली होत असेल तर नाशिकचं परीक्षा केंद्र तुमच्यासाठी थांबणार नाही.